तिरफळाची साक्ष

ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मीच तिला जाऊ देत नाही. घरी पाहुणे आले, चहा झाला, की ती माझ्या तोंडावर दिसायला लागते म्हणे. मग बायको कुकर लावायला उठते आणि मुलगी कानात इअरफोन घालते. म्हणून आज लिहूनच काढतो. कागद बिचारा उठून जात नाही.

नावं कुणाचीच सांगणार नाही. मी महाराष्ट्र पोलिसांत इन्स्पेक्टर होतो. मूळचा साताऱ्याकडचा, पण शेवटची बरीच वर्षं सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांत काढली. बायको मालवणची. तिला अबू धाबीतल्या एका शाळेत नोकरी लागली तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तिच्या व्हिसावर इकडे आलो. कागदावर माझ्यापुढे 'डिपेंडंट' असं लिहिलेलं होतं. ज्या माणसाने सही केल्याशिवाय ठाण्यातली चावी हलत नसे, तो आता बायकोच्या सहीवर देशात राहत होता. काही महिने घरात बसून मी भाजी कशी चिरावी याचा तपास केला. मग बायकोनेच ओळखीतून शहराबाहेरच्या मुसफ्फातल्या एका बांधकाम कंपनीत मला चिकटवलं. हुद्दा मोठा होता, इन्व्हेस्टिगेशन ऑफिसर. अधिकार मात्र काहीच नव्हते. हातात काठी नाही, मागे कॉन्स्टेबल नाही, गळ्यात फक्त लॅमिनेट केलेलं आयकार्ड.

कंपनीची कामं पश्चिमेकडच्या बेटांवर चालत. कुठे जेटीची दुरुस्ती, कुठे शाळेचं छप्पर, कुठे खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारा छोटा प्लांट. महिन्यातून एकदा लाँचने त्या बेटांची फेरी करायची, सामान, कॅम्प, सुरक्षा बघायची, असं माझं काम. पहिल्या फेरीला निघालो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, यू कान्ट ईव्हन स्विम." मी म्हटलं, लाइफ जॅकेट असतं. ते होतंही. फक्त माझ्या पोटावर त्याचा पट्टा बसला नाही. उरलेला प्रवास मी रेलिंगला धरून, खाली मान घालून केला. लाँच चालवणारा कच्छी तांडेल, वयाने माझ्याएवढाच, शांतपणे म्हणाला, "साब, नीचे मत देखो. दूर देखो. दरिया नीचे देखने वाले को नहीं छोड़ता."

ती बेटं मला पुढे फार आवडायला लागली. अबू धाबीच्या काचेच्या इमारती पाहून या देशाबद्दल आपण जे समजतो, ते तिथे लागू पडत नाही. एक मशीद, एक दवाखाना, एक शाळा, मल्याळी माणसाचं एक किराणा दुकान, आणि तीस-चाळीस घरं, सगळी एकमेकांच्या नात्यातली. कित्येक पिढ्या तिथेच राहिलेली ही माणसं. त्यांचे आजे-पणजे मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारत. आता सरकारी नोकऱ्या आहेत, पक्की घरं आहेत, पण सकाळी वारा कुठला आहे हे बघितल्याशिवाय म्हातारी माणसं चपला घालत नाहीत. किनाऱ्यावर तारेचे घुमटासारखे पिंजरे रचून ठेवलेले असतात. त्यांना गरगूर म्हणतात. समुद्राच्या तळाशी सोडायचे आणि दोन-तीन दिवसांनी मासळीसकट वर ओढायचे.

अशाच एका बेटावरच्या साइटवरून एक वेल्डर गायब झाला.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याचा, चाळिशीच्या आतला, हुशार माणूस. वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाला, "सर, शुक्रवारी साइटला सुट्टी होती. त्या दिवशी तो माणूस साइटची बोट परमिटशिवाय घेऊन गेला. बोट खडकावर सापडली, तळ फाटलेला. हा पत्ता नाही. मला वाटतं, मच्छीमारांना डिझेल विकत असणार. ओपन अँड शट आहे."

"डिझेल कमी आहे का?"

"ते मोजतील. पण पळाला का मग?"

मॅनेजर म्हणाला की गुरुवारी संध्याकाळपर्यंत तो सापडला नाही, तर कंपनी फरार म्हणून त्याची नोंद करेल आणि बोटीबद्दल पोलिसांत तक्रार देईल. इथे राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. माणूस सापडला की आधी कोठडी, मग परत पाठवणी, मग या देशाचं दार कायमचं बंद. आणि देवगडकडच्या त्याच्या गावात उरलेलं काम लोकांची तोंडं करणार. चोरी करून पळाला, एवढंच तिथे पोचणार. तो कामावर कसा होता, हे कुणी विचारणार नाही.

मी साइटवरून आलेले बोटीचे फोटो पाहिले. एक गोष्ट डोळ्यात भरली. बोटीचा नांगर टाकलेला होता, आणि लाइफ जॅकेट घडी करून सीटवर ठेवलेलं होतं. बुडालेला माणूस जॅकेटची घडी घालत नाही, आणि पळणारा माणूस नांगर टाकत नाही. नोकरीत एक शिकलो होतो, गुन्हा करणारा सगळ्यात आधी नीटनेटकेपणा सोडतो. म्हणजे हा जिवंत होता आणि बोटीची त्याला काळजी होती. मग होता कुठे?

त्याच दिवशी खबर आली. दुबईच्या देरा भागातल्या एका खोलीत राहणाऱ्या, वेल्डरच्याच तालुक्यातल्या माणसाने फोन केला. "साहेब, तो धक्क्यावर दिसला मला. गलबतात सामान चढवत होता. इराणला जाणाऱ्या." मी दुसऱ्या दिवशी तडक देरा गाठलं. खाडीच्या धक्क्यावर लाकडी गलबतं, त्यांच्यापुढे फ्रीज, टायर, मॅट्रेस यांचे ढीग, आणि त्या ढिगांतून मी घाम पुसत हिंडतोय. खबऱ्याने दाखवलेला माणूस निघाला नेपाळी. फक्त शर्ट तसाच होता. मी खबऱ्याला चहा पाजला आणि सहज विचारलं, "तुझं कुणी आहे का रे वेल्डर?" तो खूश झाला. "मेव्हणा आहे ना साहेब. जागा रिकामी झाली असली तर बघा की." खबर का आली हे कळलं. माझ्या अनुभवात निम्म्या खबरा अशाच असतात. गुन्हेगार पकडून द्यावा म्हणून कुणी येत नाही, त्याची खुर्ची रिकामी व्हावी म्हणून येतात.

तिथून परतताना मेट्रोत असताना वेल्डरच्या बायकोचा फोन आला. कंपनीने तिला माझा नंबर दिला होता. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, पण प्रत्येक वाक्याआधी ती थांबत होती.

"सायबानू, काय कळला?"

"शोधतोय, वहिनी. कुणाशी भांडण वगैरे होतं का त्यांचं?"

"भांडाण करूक तोंड उघडूक व्हया ना? पाण्याक नाय भियत ते. माणसांक भियतत. सायेब समोर इलो की काम येता ता पण इसारतत."

मी हे ऐकलं, 'हो हो' म्हटलं आणि ठेवून दिलं. ऐकलेलं आणि कळलेलं यात किती अंतर असतं हे पोलिसाला चांगलं माहीत असावं. मला नव्हतं.

मंगळवारी लाँचने बेटावर पोचलो. आधी साइटच्या कॅम्पवर खोलीतल्या लोकांची चौकशी केली. पद्धत जुनीच. एकेकाला वेगळं बोलवायचं, एकच प्रश्न तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारायचा. कळलं ते इतकंच की गडी अबोल, कामात सरळ, दारू नाही, पत्ते नाहीत. त्याची पेटी उघडून पाहिली. कपडे, बूट, पोरांचे फोटो, सगळं जागेवर. एक बिहारी सोबती म्हणाला, "साहब, सब है. बस मसाले का डिब्बा नहीं है. जुम्मे को वो डिब्बा लेके गाँव में जाता था. किसके पास, ये नहीं बोला."

पळून जाणारा माणूस पोरांचे फोटो टाकतो आणि मसाल्याचा डबा नेतो, हे मी ऐकलं आणि त्यावरही काही विचार केला नाही. तेव्हा मी गावातल्या लोकांना कसं पकडायचं याच्या तयारीत होतो.

गावातले वडीलधारे दुपारनंतर ज्या घरी बसत, ते घर एका म्हाताऱ्याचं होतं. त्याला आपण हाजीबाबा म्हणू. पुढे मोठी बैठकीची खोली, मजलिस, चहूबाजूंनी गाद्या, मध्ये गहव्याची किटली, म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी, आणि खजुराची थाळी. मागे अंगण, त्यापलीकडे बाहेरची स्वयंपाकखोली. घरातल्या बायकांचा भाग आणखी वेगळा. हाजीबाबा गादीवर एक पाय लांब करून बसला होता. त्या पायाला पोटरीपर्यंत बँडेज. मी आत गेलो, सलाम केला, आणि बसता बसताच, इन्स्पेक्टरच्या आवाजात सुरू झालो.

"हमारा एक आदमी गुम है. शुक्रवार से. आप में से किसने देखा?"

हाजीबाबा हसला. त्याचे वडील मोती विकायला मुंबईला जात, लहानपणी तोही जायचा. त्यामुळे त्याचं हिंदी जुन्या मुंबईचं होतं. "बंबई का पुलिस?"

"था. अब रिटायर."

"अच्छा. बैठो. गहवा पियो."

मी गहवा प्यायलो आणि परत विचारलं. उजवीकडचा म्हणाला, "अल्लाह बेहतर जानता है." डावीकडचा म्हणाला, "अल्लाह बेहतर जानता है." कोपऱ्यातलाही तेच म्हणाला, तोच सूर, तोच विराम. मी मनात म्हटलं, सापडले. खरं बोलणाऱ्या चार माणसांची चार बोलणी जुळत नाहीत. इथे सगळ्यांचं तंतोतंत जुळतंय, म्हणजे सगळ्यांना काहीतरी माहीत आहे. मी आणखी जोर लावला. "बाबा, पाँव को क्या हुआ?" म्हटलं. "बुढ़ापा हुआ," तो म्हणाला आणि माझ्या कपात आणखी गहवा ओतवला. मी विचारत गेलो, ते ओतत गेले. शेवटी माझ्या पोटात कॉफी मावेना आणि त्यांच्या तोंडून शब्द निघेना. मी उठलो.

धक्क्यावर तांडेल जाळीला टाके घालत बसला होता. त्याला झालं ते सांगितलं. त्याने सुई थांबवली.

"साब, पहले प्याले से पहले पूछा?"

"हो. का?"

"इधर मेहमान को तीन दिन तक कोई नहीं पूछता कि क्यों आया. और मेहमान भी सीधा काम पे नहीं आता. आप ने तो घर में घुस के पंचनामा शुरू कर दिया." मग जरा दया येऊन म्हणाला, "शाम को फिर जाओ. पूछना मत. बैठो."

"बसून काय करू?"

"वो क्या करते हैं? बैठते हैं. आप भी बैठो."

मला आयुष्यात काही न विचारता बसायची सवय नाही. घरी जेवतानाही मी 'हे मीठ कुणी घातलं' असं विचारतो, असा बायकोचा आरोप आहे. तरी संध्याकाळी गेलो. बसलो. मी माझ्या गावाबद्दल बोललो, सातारच्या थंडीबद्दल बोललो, लाँचमध्ये मला काय होतं तेही सांगितलं. त्यावर सगळी मजलिस हसली. हाजीबाबाने डोळे पुसले आणि लाँचवरच्या माझ्या अवस्थेची नक्कल शेजाऱ्याला करून दाखवली. निघताना त्याने माझा हात हातात धरून ठेवला. "कल दोपहर खाना इधर." दुपारी तीन वेळा विचारूनही मला काही न सांगणारा माणूस आता मला जेवायला बोलावत होता. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मी मोबाईलवर गुरुवार किती लांब आहे ते बघत होतो.

बुधवारी दुपारी जेवायला बसलो. मोठ्या थाळीत भात, त्यावर मासळी, आणि बाजूला वाडग्यात लालसर कालवण. "ये नया है," हाजीबाबा म्हणाला, "खाओ." मी भाताचा घास कालवणात बुडवून तोंडात घातला.

जीभ बधिर झाली.

ज्यांनी कोकणात बांगड्याचं कालवण खाल्लं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिरफळ नावाचं एक फळ असतं, मिरीएवढं, सुकवून ठेवतात. माशाच्या कालवणात ते ठेचून टाकलं की एक वेगळाच वास सुटतो आणि जिभेला मुंग्या येतात. लग्नानंतर बायकोने पहिल्यांदा ते खायला घातलं तेव्हा मी, घाटावरचा माणूस, विषबाधा झाली म्हणून ताट बाजूला सारलं होतं. सासुरवाडीत ही गोष्ट अजून सांगतात. नंतर इतकी वर्षं दर आठवड्याला तेच खाल्लं. आता त्या चवीची खूण माझ्या जिभेवर बोटांच्या ठशासारखी उमटलेली आहे. आखाती बेटावरच्या घरात, नारळाच्या पावडरीच्या वाटपात, तिरफळ कुठून येणार? ते मल्याळ्याच्या दुकानात मिळत नाही. अबू धाबीत बायको एका बाईकडून गावाहून मागवते.

मसाल्याचा डबा इथे होता. आणि डब्याचा मालकही.

हात तसाच थाळीत ठेवून मी विचार केला. जुना मी असतो तर उठून स्वयंपाकखोलीकडे गेलो असतो. पण दुसऱ्याच्या घरात, त्याच्या अंगणात, तेही या बेटावर, असं शिरणं म्हणजे त्या माणसाला आणि मला दोघांनाही संपवणं होतं. विचारायची तर सोयच नव्हती. मग मला एक सुचलं, आणि ते सुचलं याचं सगळं श्रेय माझ्या सासूबाईंना. त्यांच्या घरात भांडण कशावर होईल ते सांगता येत नाही, पण कालवणावर हमखास होतं.

मी हाजीबाबाकडे बघत, पण अंगणाच्या दाराकडे तोंड करून, मोठ्याने मालवणीत म्हटलं, "कालवण बरा झाला हा. पण तिरफळा जरा जास्तच पडली."

आतून ताबडतोब आवाज आला. "जास्त खंय पडली? बांगड्याक येवढी लागतत."

मग भांडं पडल्याचा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. बोलणाऱ्याला कळलं होतं की तो बोलला.

मजलिसमधला कुणीही हसला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आता हा काय करतो म्हणून. मी पुढचा घास घेतला. जमेल तितक्या सावकाश. चावून झाल्यावर म्हटलं, "वहिनी रोज फोन करतात. बाकी काही नाही. जेवतोय मी."

मग हाजीबाबाही दाराकडे वळला आणि म्हणाला, "आजा. ये पूछने वाला नहीं है अब."

अंगणातून वेल्डर आला. किरकोळ बांधा, हातात अजून डाव. दारातच उभा राहिला, नजर जमिनीवर. त्याच्या बायकोने फोनवर जे सांगितलं होतं ते आत्ता माझ्या डोळ्यापुढे उभं होतं. मी बाजूची गादी थापटली. तो बसला नाही, उकिडवा टेकला. मग मी काही न विचारता त्याने सगळं सांगितलं.

"सायबानू, बोटीचा पोट फाटला. पन म्हातारो वाचलो."

शुक्रवारी दुपारी सगळं गाव मशिदीत नमाजाला गेलेलं. दर शुक्रवारसारखी मासळी रांधायची म्हणून मसाल्याचा डबा हाजीबाबाच्या बाहेरच्या स्वयंपाकखोलीत ठेवून हा जेटीवर गळ टाकून बसला होता. लांब एक पांढरी होडी वाऱ्याबरोबर खडकाकडे सरकताना दिसली. त्यात एक माणूस होता आणि तो हात हलवत नव्हता, ओणवा पडला होता. साइटवर परमिट देणारा कुणी नाही. याने बोट घेतली. होडीत हाजीबाबा. गरगूर वर ओढताना दोर पायात अडकला, पिंजऱ्याच्या वजनाने पाय होडीच्या काठावर आवळला गेला, इंजिन बंद पडलं. याने दोर कापला, म्हाताऱ्याला आपल्या बोटीत घेतलं. म्हाताऱ्याची होडी वाऱ्याने गेली. परतताना ओहोटीत बोट खडकाला लागली. याने नांगर टाकला, जॅकेट काढून ठेवलं आणि म्हाताऱ्याला पाठुंगळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून घरापर्यंत आणलं. मोबाईल खिशातच भिजून मेला. बायकोचा नंबर त्याला पाठ नव्हता.

"कॅम्पवर का नाही गेलास?"

"परमिट नाय, बोट फोडली. सायेब काय म्हनतीत?" तो म्हणाला. "म्हाताऱ्याक म्हटला, कोणाक सांगा नको. तेनी हात छातयेर ठेवल्यान."

बाकी हाजीबाबाने सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच तो जरा ओशाळला. "वो बोला, मत बोलना. मैं भी बोला, ठीक है. क्योंकि जुम्मे को मैं मस्जिद में नहीं था. हवा आने वाली थी, गरगूर चला जाता. सोचा, जल्दी उठा के नमाज़ में पहुँच जाऊँगा. इतनी उमर, गाँव का बड़ा, और जुम्मा छोड़ के मछली." आजूबाजूची माणसं आपापल्या कपात बघत राहिली. त्यांना माहीत होतं. गेले पाच दिवस सगळ्या बेटाने दोघांची दोन गुपितं एकाच वाक्यात झाकून ठेवली होती.

प्रश्न आता मॅनेजरचा होता. मी नुसता रिपोर्ट लिहिला असता तर पुरावा काय होता? वेल्डरचं बोलणं, आणि ते कंपनी मानणार नव्हती. हाजीबाबाने साक्ष द्यावी, असं म्हणायला माझी जीभ उचलेना. त्याला काय सांगावं लागेल हे मी नुकतंच ऐकलं होतं. मी गप्प बसलो. यावेळी मात्र ते गप्प बसणं शिकलेलं नव्हतं, खरंच काही सुचत नव्हतं.

गुरुवारी सकाळी वेल्डरला घेऊन मी लाँचवर चढलो तेव्हा हाजीबाबा आधीच चढून बसला होता. अंगात धुतलेला पांढरा, पायघोळ कंदुरा, पायाला नवं बँडेज, हातात काठी. "मुसफ्फा में काम है," म्हणाला. मी विचारलं नाही.

मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही तिघे शिरलो. मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "येस सर, बोलिए, क्या प्रॉब्लेम है?"

मी टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय ठेवला. "आधी चहा मागव," मराठीत म्हटलं. "आणि तो संपेपर्यंत गप्प बस. मी सांगतो म्हणून."

तो चिडला, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसला. चहा आला. हाजीबाबाने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "इस आदमी ने बोट नहीं तोड़ा. मैंने तोड़ा." आणि त्याने सगळं सांगितलं. दोर, पाय, वारा, खडक. तिथेच थांबला असता तरी पुरलं असतं. होडीत का गेला होता, हे कुणी विचारलं नव्हतं. पण मॅनेजरच्या शेजारी कंपनीचे दोन अरब कर्मचारी उभे होते, त्यांच्याकडे वळून तो अरबीत काही बोलला आणि मग तेच हिंदीत बोलला. "जुम्मे की नमाज़ के वक़्त मैं समंदर में था. मेरी ग़लती थी. ये आदमी मेरी ग़लती के पीछे आया."

म्हातारा माणूस परक्या ऑफिसात, तरुण लोकांसमोर, ज्या गोष्टीची त्याला गावात लाज वाटत होती तीच मोठ्याने सांगत होता. माझ्या नोकरीत मी कित्येक कबुलीजबाब घेतले. इतका स्वच्छ एकही नव्हता, आणि तो मी घेतलेलाही नव्हता.

मॅनेजरने तक्रारीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाला, "फरारचा रिपोर्ट जाणार नाही. बोटीचं मी बघतो, इन्शुरन्स आहे. पण सर, परमिटशिवाय बोट नेली, वॉर्निंग लेटर द्यावंच लागेल. नाहीतर उद्या सगळेच नेतील." त्याचं म्हणणं बरोबर होतं. हाजीबाबाला ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, "दे दो. एक मेरे को भी दे दो. मैं दीवार पे लगाऊँगा." मॅनेजर हसला, आणि त्याला हसताना मी त्या ऑफिसात पहिल्यांदा पाहिलं.

वेल्डर अजून उभाच होता. आपण वाचलो हे त्याच्यापर्यंत पोचायचं होतं. मी माझ्या फोनवरून त्याच्या बायकोचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. तिकडून तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला, "सायबानू, काय कळला?" याला काही बोलता येईना. तो फोन कानाला धरून नुसता उभा. शेवटी हाजीबाबानेच त्याच्या हातातून फोन घेतला आणि जुन्या मुंबईच्या हिंदीत तिला सांगायला लागला. तिला ते हिंदी कितपत कळत होतं कोण जाणे. ती मालवणीत काही म्हणाली, ते त्याला कळणं शक्यच नव्हतं. तरी तो मान डोलावत होता, "हाँ बेटी, हाँ," आणि वेल्डर दोघांच्या मध्ये उभा राहून पाठ फिरवून डोळे पुसत होता.

मी दुभाषा व्हायला पुढे सरकलो. जुनी खोड. दोन पावलं टाकली आणि थांबलो. त्यांचं चाललं होतं, आणि माझ्यावाचून चांगलं चाललं होतं. मी बाहेर आलो आणि केबिनचं दार हळूच ओढून घेतलं.

पोलिसात मी माणसं शोधायला शिकलो होतो, आणि त्यात मी काही अगदीच वाईट नव्हतो. सापडलेल्या माणसाला त्याच्या माणसांत सोडून आपण बाजूला व्हायचं असतं, हे मात्र मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही. ते त्या बेटावरच्या लोकांनी शिकवलं, मला जेवायला घालून. उशिरा शिकलो, पण नोकरी चालू असताना शिकलो. कंपनीने त्या महिन्याचा पगारही दिला. याहून जास्त उपकार मला मागता येत नाहीत.